वाडीचा रस्ता, साकव आणि खाडीवरचा पूल : पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून आलाय. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांच्या वाडीचा अडीच किलोमीटर रस्ता अजून मातीचा आहे, मधल्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, पायी जायचा छोटा पूल (साकव) डगमगायला लागलाय आणि हायस्कूल, दवाखाना, बाजार सगळं खाडीपलीकडे. "दहा वर्षांत तीनदा नारळ फुटला. दरवेळी मंजूर झालं म्हणतात. तो पैसा जातो कुठे, आणि आम्ही नक्की कुणाच्या मागे लागायचं?" असं त्या विचारतात.

मी बांधकाम खात्यात आणि मधली काही वर्षं जिल्हा परिषदेकडे, अशी मिळून ३१ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातच काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर उभ्या राहता, त्याच्या पलीकडे मी बसायचो.

ताई, पैसा बहुतेक वेळा कुठेच जात नाही, कारण तो आलेलाच नसतो. 'मंजूर' हा एक शब्द आपल्याकडे चार-पाच निरनिराळ्या गोष्टींना वापरतात. आमदारांच्या पत्रावर मंत्र्यांनी शेरा मारला, की मंजूर. कामाचं नाव अर्थसंकल्पात किंवा जिल्हा नियोजनच्या यादीत आलं, की मंजूर. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे खर्चाला लेखी संमती, मग तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा-अंदाजपत्रकाला संमती, मग निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. नारळ यातल्या कुठल्याही पायरीवर फुटू शकतो आणि निवडणूक जवळ आली असेल तर पहिल्याच पायरीवर फुटतो. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाचंच बघा. १०७ किलोमीटरचा हा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, तेव्हा पेढे वाटले होते. अजून त्यावर गाडी धावलेली नाही.

म्हणून यापुढे कुणी 'मंजूर' म्हणालं की दोनच गोष्टी विचारा. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय? आणि चालू वर्षी तरतूद किती? काम ८० लाखांचं असेल आणि त्यापुढे तरतूद २ लाखांची दिसली, तर ती टोकन तरतूद समजायची. यादीत जागा धरून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. उरलेली रक्कम पुढच्या वर्षांवर दायित्व म्हणून चढत जाते आणि नवा पैसा आला की आधी जुनं दायित्व फेडावं लागतं. ठेकेदाराला हे तुमच्या-माझ्याआधी कळतं. बिल निघणार नाही याचा वास आला की त्याचा जेसीबी दुसऱ्या साइटवर जातो, आणि गावात चर्चा होते की कुणीतरी काम अडवलं.

आता मूळ मुद्दा, आणि तो रस्त्याच्या नंबराचा आहे. पैसा गावाच्या नावावर येत नाही, रस्त्याच्या नंबरावर येतो. १९४३ च्या नागपूर योजनेपासून आपल्याकडे रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे : राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि तळाला ग्रामीण मार्ग. दर वीस वर्षांनी राज्य रस्ते विकास योजना करतं आणि तिच्यात प्रत्येक रस्त्याला वर्ग आणि क्रमांक मिळतो. प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचं बांधकाम खातं बघतं, इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. या यादीत जो रस्ता नाही, तो सरकारच्या दृष्टीने रस्ताच नाही, मग त्यावरून तुमच्या आजोबांची बैलगाडी गेलेली असो. वाडीचे बरेच रस्ते असेच आहेत : कधी श्रमदानातून झालेले, कधी रोजगार हमीतून, कधी जुन्या पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, दगड काढून रुंद केलेले. ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, त्यांची नोंद असली तर असते, नाहीतर तीही नाही.

तेव्हा सगळ्यात आधी ग्रामसेवकांकडून २३ नंबरचा उतारा घ्या. मग जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात जाऊन हा रस्ता ग्रामीण मार्ग किती, हे विचारा. क्रमांक नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून तो मिळवायच्या मागे लागा, आणि ते होईपर्यंत निधी मागायला जाऊ नका. मी असे अर्ज शेकड्यांनी पाहिले. "आमच्या वाडीचा रस्ता करून मिळावा" एवढंच लिहिलेलं असायचं, तो कागद कुठल्या फाइलला लावायचा हे आम्हालाच कळायचं नाही. शेवटी तो 'विविध पत्रव्यवहार' नावाच्या फाइलला जायचा. त्या फाइलमधून परत आलेला कागद मी पाहिलेला नाही.

एक सावधगिरी. काही पुढारी उत्साहाने 'दर्जोन्नती' मागतात, ग्रामीण मार्गाचा थेट प्रमुख जिल्हा मार्ग करून घेतात. कागदावर छान दिसतं. पण मग जिल्हा परिषद म्हणते रस्ता आमचा राहिला नाही, आणि बांधकाम खातं म्हणतं आमच्याकडे रीतसर ताबा आलेला नाही. अशा अधांतरी रस्त्यावर दोन-दोन पावसाळे खडीचा एक ट्रकही पडत नाही. एसटीची वाहतूक असलेला, दोन तालुके जोडणारा रस्ता असेल तरच दर्जोन्नतीच्या भानगडीत पडा.

नंबर मिळाला की मग निधीच्या थैल्या कुठल्या ते बघू. कार्यालयात त्यांना लेखाशीर्षाच्या, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याच्या, आकड्यांनीच ओळखतात, तुम्हीही तसंच बोला, समोरचा माणूस जरा सावरून बसतो. 'तीस-चोपन्न' म्हणजे ३०५४, देखभाल-दुरुस्ती. 'पन्नास-चोपन्न' म्हणजे ५०५४, नवीन रस्ते आणि पूल. 'पंचवीस-पंधरा' म्हणजे २५१५, ग्रामविकास खात्याचा मूलभूत सुविधांचा निधी, जो बहुतेक आमदारांच्या शिफारशीने येतो. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी, पण मतदारसंघात गावं किती ते मोजलंत तर तुमच्या वाट्याला एखादी मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) किंवा शे-दोनशे मीटर काँक्रीट येईल. तेही वाईट नाही, चढाच्या तुकड्यासाठी घ्या. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला येणारा पैसा बराचसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, त्यातून अडीच किलोमीटर होणार नाहीत. डोंगरी विकास कार्यक्रमातून छोटी कामं निघतात. तिकडे सिंधुदुर्गात रेडीसारख्या खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, तो राजापूरला उपयोगाचा नाही.

जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना ३०५४ आणि ५०५४ चा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, पण यादी तयार होते ती उपविभागात, शाखा अभियंत्याच्या हाताने. त्या माणसाला तुमचा रस्ता डोळ्यांनी दाखवा, तोही जुलैत, चिखलात. मे महिन्यात कोकणातला प्रत्येक मातीचा रस्ता चांगलाच दिसतो.

अडीच किलोमीटर डांबरीकरण एका दमात करणाऱ्या योजना दोन : प्रधानमंत्री ग्रामसडक आणि मुख्यमंत्री ग्रामसडक. प्रधानमंत्री ग्रामसडक २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तेव्हा सगळा पैसा केंद्राचा होता, आता ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, देशभरात ६२,५०० किलोमीटर, २०२९ पर्यंत. यात काम बसलं तर दर्जा बरा मिळतो, कारण पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते.

पण कोकणाची अडचण इथेच आहे. या योजनेची अट लोकसंख्येची. सपाट भागात ५००, डोंगरी राज्यं आणि आदिवासी क्षेत्रांत २५०. सह्याद्रीच्या उतारावर बसलेलं आपलं कोकण या योजनेच्या हिशेबात 'सपाट' आहे, कारण महाराष्ट्र डोंगरी राज्य नाही आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नाही. घाटावर गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं. आपल्याकडे एकाच गावाच्या दहा वाड्या, मध्ये कातळ, पऱ्या आणि घाटी. प्रत्येक वाडीत ५० उंबरे, त्यातल्या निम्म्या घरांना कुलूप. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. सगळीकडे माणसं वाढत असताना आपली कमी झाली. जनगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा चाकरमानी मुंबईला. हीच मोजणी गणपतीत केली असती तर आकडा कितीतरी वेगळा आला असता. रस्ता नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं कमी म्हणून रस्ता नाही, असं हे चक्र आहे. नोकरीत असताना मी वरच्या बैठकांत हे बोललो, चहा पिऊन झाला की लोक विसरले.

यावर वाट अशी की, पाचशे मीटरच्या आतल्या लगतच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. तेव्हा प्रस्ताव एका वाडीचा करू नका. तुमची वाडी, वरची वाडी आणि खाडीकाठची भंडारवाडी किंवा खारवीवाडी जी काय असेल ती, असा तीन वाड्यांचा एक रस्ता मांडा. यासाठी आधी वाड्यांची एक बैठक लावावी लागेल, आणि पालखीच्या मानावरून अबोला असेल तर ते काम डांबरीकरणापेक्षा अवघड आहे. मुख्यमंत्री ग्रामसडकसाठी लोकसंख्येबरोबर वापराचे आकडेही जोडा : रोज किती मुलं चालत हायस्कूलला जातात, हंगामात आंब्याच्या किती पेट्या डोक्यावरून मुख्य रस्त्याला येतात, गेल्या वर्षी किती रुग्ण डोलीतून न्यावे लागले. पदाधिकाऱ्यांच्या सह्यांपेक्षा असा एक कागद जड पडतो.

आता जागा. ग्रामीण रस्त्याच्या कुठल्याही योजनेत भूसंपादनाला पैसा नसतो, जागा गावाने द्यायची असते. आणि कोकणातला सातबारा तुम्हाला ठाऊक आहे. अडीच गुंठ्यांना अठ्ठावीस नावं, त्यातली नऊ मयत, वारस डोंबिवली, विरार, बडोदा असे पसरलेले, इतर हक्कात कुळाचं नाव. तोंडी "घ्या हो रस्त्याला" म्हणणारा भाऊबंद वेगळा आणि काम सुरू झाल्यावर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, येऊन उभा राहणारा वेगळा. माझ्या हातातला एक रस्ता कलमाच्या दोन झाडांसाठी सहा वर्षं थांबला. चूक आमचीच होती. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर संमतीपत्र घेतलं होतं, त्यावर तिघांच्या सह्या होत्या आणि हिस्सेदार अकरा होते. निविदेची मुदत संपली, दर वाढले, पैसा दुसऱ्या कामाला वळला.

संमतीपत्रावर थांबू नका. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, सगळ्या हिस्सेदारांचं, जे येऊ शकत नाहीत त्यांचं कुलमुखत्यारपत्र घेऊन. मग भूमी अभिलेखची मोजणी, फेरफार आणि सातबाऱ्यावर नोंद. आणि जागा पुरेशी रुंद घ्या. लोकांना वाटतं डांबर तीन मीटर म्हणजे जागा तीन मीटर. डांबर तीन किंवा पावणेचार मीटरच असतं, पण साइडपट्ट्या धरून रस्ता सपाटीला साडेसात आणि डोंगरात सहा मीटर लागतो, आणि गटार त्याच्या बाहेर. कोकणातला रस्ता गाड्यांनी खराब होत नाही, पाण्याने होतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गटार नसेल तर ते पाणी डांबरावरून वाहतं आणि खालचा जांभा भुसभुशीत करतं. गटाराला जागा न सोडलेले रस्ते मी दुसऱ्या पावसाळ्यात पऱ्या झालेले पाहिलेत.

मध्ये खाजगी वन किंवा राखीव वनाचा पट्टा आला तर घाबरू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या रस्त्यासारख्या सुविधांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाणार नसतील तर, आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. हा मार्ग दिल्लीपर्यंत जात नाही, जिल्ह्यात मिटतो. बऱ्याच कनिष्ठ अभियंत्यांनाही तो माहीत नसतो, तेव्हा कलमाची प्रत तुम्हीच घेऊन जा.

साकवाचं थोडक्यात सांगतो, पण ते सगळ्यात तातडीचं आहे. रस्त्याच्या प्रस्तावात त्याला गुंतवू नका, रस्त्याला तीन-चार वर्षं लागतील आणि साकव तोवर थांबणार नाही. उपअभियंत्यांना वेगळं पत्र देऊन पाहणी मागा आणि 'धोकादायक' असा लेखी अहवाल घ्या. पाहणीला आलेल्या माणसाला वरून चालवू नका, पाणी ओसरल्यावर खाली उतरवून पायाचा दगड दाखवा. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानीचा पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, त्यानंतर काही वर्षं खात्यात पाहणीच्या पत्राला फार मान होता. या पावसात साकवाचं नुकसान झालं तर त्याच आठवड्यात तलाठ्याचा पंचनामा आणि तारखेसह फोटो करा, म्हणजे काम पूरहानीखाली मागता येतं. दिवाळीत केलेल्या पंचनाम्याला कुणी विचारत नाही. नवीन बांधायचाच असेल तर साकव मागू नका, मोरी किंवा छोटा पूल मागा. साकव पायी माणसांसाठी, उद्या रस्ता झाला की त्यावरून रिक्षाही जाणार नाही. सहा मीटर गाळ्यापर्यंत मोरी, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल. छोट्या पुलांना नाबार्डचं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचं, कर्ज चांगलं चालतं. बँकांनी शेतीला आणि इतर अग्रक्रम क्षेत्राला ठरल्याएवढं कर्ज दिलं नाही, की तुटीचा पैसा त्यांना नाबार्डकडे ठेवावा लागतो, आणि १९९५-९६ पासून तो ग्रामीण रस्ते-पुलांसाठी राज्यांना कर्जाऊ मिळतो. फेडायचं राज्याला असतं, गावाला नाही.

खाडीवरचा पूल मात्र वेगळ्या जातीचा प्राणी आहे, आणि इथे मी तुमची थोडी निराशा करणार आहे. तो जिल्हा परिषदेच्या कुवतीबाहेरचा. त्याला राज्याचा ५०५४, नाबार्ड किंवा पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून भरणारा केंद्रीय मार्ग निधी लागतो. तळाची बोअरिंग, भरतीची पातळी, मच्छीमार नौका खालून जाण्याएवढी उंची आणि त्यासाठी बंदरं बघणाऱ्या मेरीटाइम बोर्डाचा दाखला, सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी. आणि कांदळवन असेल, ते असणारच, तर सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक कामालाही मुंबई उच्च न्यायालयात जाऊन परवानगी घ्यावी लागते. हे सगळं करायला कन्सल्टंट नेमावा लागतो, म्हणजे पहिली मागणी पुलाची नाही, सर्वेक्षण आणि सविस्तर प्रकल्प अहवालाच्या पैशांची करायची. तो अहवाल तयार असलेलं काम पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा पैसा मागण्याच्या, वेळी पटकन आत शिरतं. शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी लक्षात येतं की पैसा शिल्लक आहे आणि कागद तयार असलेलं काम कुठलं.

कोकणात मोठी कामं झाली ती कुणीतरी वेगळी थैली शिवली म्हणून. कोकण रेल्वे घ्या. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून ती झाली नसती. १९९० मध्ये महामंडळ काढलं, भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा, आणि बाकी पैसा रोख्यांतून बाजारातून उभा केला. १९९८ च्या २६ जानेवारीला गाडी सगळीकडून धावली. कर्जाचं व्याज मात्र महामंडळाने पुढे वर्षानुवर्षं सोसलं. उलट रेवस-रेड्डी सागरी महामार्ग : कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ ची. मोठ्या खाड्यांवरचे त्याचे बरेच पूल चाळीस वर्षांनी, रस्ते विकास महामंडळाकडे काम आल्यावर हातात घेतले गेले. तुमची खाडी त्या मार्गाच्या आखणीजवळ असेल तर स्वतंत्र पूल मागण्यात अर्थ नाही, आखणीचा नकाशा बघून जोडरस्ता मागा. नसेल तर पूल मागताना दोन्ही तीरांच्या जोडरस्त्यांची जागा आधी बांधून घ्या. पूल उभा आणि दोन्हीकडे जायला रस्ता नाही, असे त्रिशंकू आपल्याकडे कमी नाहीत.

तोवर मुलांनी काय करायचं? जेटी मागा. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालते आहे, गाड्यांसकट माणसं पलीकडे नेते, चिपळूणचा वळसा वाचतो. जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला याही तशाच. तिथे कुणी पुलाची वाट बघत बसलं नाही. तुमच्या खाडीला एवढी मोठी बोट परवडणार नाही, पण ओहोटीतही होडी लागेल असा धक्का, रेलिंग, दिवा आणि परवाना असलेली यांत्रिक होडी एवढं मेरीटाइम बोर्डाकडून एक-दोन वर्षांत होऊ शकतं. चिखलात गुडघाभर रुतत उतरणाऱ्या मुलींना पुलाच्या कोनशिलेपेक्षा त्याचा उपयोग जास्त. जेटी झाली की पुलाची मागणी मरते, अशी भीती गावात कुणीतरी घालेलच. माझा अनुभव उलटा आहे : फेरीची तिकिटं हाच पुलाच्या वाहतुकीचा सगळ्यात पक्का पुरावा ठरतो.

रस्ता झाल्यावर एसटी आपोआप येत नाही, हेही आताच लक्षात ठेवा. आगार आधी मार्गाची पाहणी करतं, आणि वळणाची त्रिज्या, चढ आणि शेवटी गाडी फिरवायला जागा या तीन गोष्टींवर नकार देतं. गाडी फिरवायची जागा बक्षीसपत्रात आत्ताच धरा. वस्तीची गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला झोपायला खोली लागेल, ती शाळेत किंवा देवळाच्या धर्मशाळेत सांगून ठेवा.

वेळेचं गणित असं. डांबराचं काम ऑक्टोबरअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच होतं. जिल्हा नियोजनचा आराखडा जानेवारी-फेब्रुवारीत पक्का होतो, म्हणजे तुमचं नाव उपविभागाच्या यादीत दिवाळीपर्यंत गेलं पाहिजे, आणि त्याआधी जागेचे कागद. हिस्सेदार गावात सापडतात फक्त गणपतीत. तेव्हा आता श्रावणात सातबारे आणि वारसांची यादी काढून ठेवा, बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घ्या, दुय्यम निबंधकांकडे आधीच वेळ ठरवा आणि गौरी जेवल्या, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकाच टेम्पोत घालून राजापूरला न्या. विसर्जनानंतर थांबलात तर निम्मे लोक रात्रीच्या गाडीने गेलेले असतील.